एका व्होल्टला किती वेढे?

ट्रान्सफॉर्मरचा नियम आपण शाळेतच शिकतो. दोन गुंडाळ्यांतल्या वेढ्यांचं जे प्रमाण, तेच व्होल्टेजचं प्रमाण. घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करायचे तर हे प्रमाण साधारण १९ ला १ येतं. मग प्रायमरीला, म्हणजे मेन्सकडच्या गुंडाळीला, १९ वेढे दिले आणि सेकंडरीला, म्हणजे उपकरणाकडच्या गुंडाळीला, एकच वेढा दिला तर काय बिघडलं? गणित तर चोख आहे. पण असा ट्रान्सफॉर्मर प्लगला जोडला की एमसीबी पडतो, आणि तो नसेल तर तार जळते. वाइंडिंगच्या दुकानातला कारागीर याच कामासाठी प्रायमरीला दीड-दोन हजार वेढे देतो. प्रमाण तेच, मग एवढ्या तांब्याचा आणि कष्टांचा आग्रह कशासाठी?

याच्या जोडीला आणखी एक कोडं. चांगल्या, चालू असलेल्या १२ व्होल्ट, २ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी मल्टिमीटरने मोजली तर रोध ७५ ओहमच्या आसपास भरतो. ओहमच्या नियमाने २३० भागिले ७५, म्हणजे ३ अँपिअर प्रवाह आणि ७०० वॉट उष्णता. एवढ्या उष्णतेवर इस्त्री चालते. तरीही मुठीएवढा तो ट्रान्सफॉर्मर दिवसभर लावून ठेवला तरी कोमटच राहतो.

या दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे. ते समजलं की ट्रान्सफॉर्मरचं सगळं गणित वहीच्या एका पानावर मावतं.

फरीदाबाद ते लाल किल्ला

हे गणित हाताने करून पाहायला फरीदाबादसारखं गाव शोधून सापडणार नाही. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून इथे नवं औद्योगिक नगर वसवलं गेलं. फरीदाबाद विकास मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते आणि प्रत्यक्ष कारभार सुधीर घोष यांच्याकडे होता. नगराला वीज हवी होती. दुसऱ्या महायुद्धाची भरपाई म्हणून जर्मनीकडून मिळालेलं डिझेलवर चालणारं वीजकेंद्र त्यासाठी कोलकात्याहून इथे आणून उभारलं. आज ‘एनआयटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर अशा वस्त्या म्हणजे तेच नगर. जलविद्युत क्षेत्रातली एनएचपीसी आणि वीज अभियंत्यांना शिकवणारी राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था या दोघींची मुख्यालयंही याच शहरात आहेत.

हौशी माणसाच्या दृष्टीने मोठी सोय मात्र मेट्रोची. बल्लभगडच्या राजा नाहरसिंग स्थानकातून निघणारी व्हायलेट लाइन फरीदाबादमधून थेट लाल किल्ला स्थानकावर पोचते. समोरच लाजपतराय मार्केट आणि भगीरथ पॅलेस. पुणेकराला तपकीर गल्ली आणि मुंबईकराला लॅमिंग्टन रोड जसा, तसे दिल्लीकराला हे बाजार. इनॅमलची तार, बॉबिन, स्टॅम्पिंग म्हणजे कोअरच्या (गुंडाळ्यांच्या आतल्या लोखंडी गाभ्याच्या) पत्र्या, इन्सुलेशनचा कागद, स्लीव्ह, वार्निश असं सगळं अशाच बाजारांत मिळतं. तार वजनावर मिळते. म्हणून आधी गणित करून जावं. नाहीतर अर्धा किलो तार घरी येते आणि तीही चुकीच्या जाडीची.

प्रत्येक वेढा आपला वाटा उचलतो

मायकेल फॅरेडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या कड्यावर दोन वेगळ्या गुंडाळ्या घेतल्या. एकीला बॅटरी जोडली आणि दुसरीजवळ चुंबकसूची ठेवली. बॅटरी जोडताना सूची हलली, काढतानाही हलली. मधल्या वेळात प्रवाह वाहत असूनही ती जागची हलली नाही. चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलत राहावं लागतं. बदलत्या चुंबकत्वाभोवती तारेचा जो जो वेढा असेल, त्या प्रत्येकात थोडं थोडं व्होल्टेज तयार होतं.

आपल्या मेन्सचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, त्यामुळे कोअरमधलं चुंबकत्व सतत बदलत असतं. हे बदलतं चुंबकत्व सेकंडरीत व्होल्टेज निर्माण करतं, तसंच ते ज्या प्रायमरीमुळे उत्पन्न झालं तिच्या वेढ्यांतही करतं. प्रायमरीतलं हे व्होल्टेज मेन्सच्या विरुद्ध दिशेने उभं राहतं. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते जवळजवळ मेन्सएवढंच असतं. मेन्स ढकलतं, गुंडाळी तेवढ्याच जोराने परत ढकलते, आणि प्रत्यक्षात वाहतो तो चुंबकत्व टिकवण्यापुरता काही मिलिअँपिअर प्रवाह. मल्टिमीटरने दाखवलेले ७५ ओहम खरेच आहेत. पण मल्टिमीटर डीसीने मोजतो आणि डीसीत हा उलटा जोर नसतोच.

पालखीचा भार भोयांच्या खांद्यांवर वाटला जातो. इथे भार २३० व्होल्टचा आणि भोई म्हणजे प्रायमरीचे वेढे. १६०० वेढे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला व्होल्टचा सातवा हिस्सा येतो. १९ च असतील तर प्रत्येकाला १२ व्होल्ट पेलावे लागतील. तेवढं व्होल्टेज उभं करायला लागणारं चुंबकत्व लोखंडाला झेपत नाही.

झेपत नाही म्हणजे काय? लोखंडात किती चुंबकत्व मावेल याला मर्यादा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या सिलिकॉन-पोलादी पत्रीत साधारण १.५ टेस्लाच्या पुढे चुंबकत्व वाढवायचं तर प्रवाह बेसुमार वाढवावा लागतो. याला कोअर ‘सॅच्युरेट’ होणं म्हणतात. कोअर सॅच्युरेट झाला की चुंबकत्वाचा बदल थांबतो, बदल थांबला की उलटा जोर सरतो, आणि मग मेन्ससमोर तारेचा नुसता रोध उरतो. १९ वेढ्यांच्या तारेचा रोध ओहमच्या काही भागाएवढाच. एमसीबी पडतो तो यामुळे.

थोडक्यात, दोन गुंडाळ्यांचं प्रमाण ठरवतं की व्होल्टेज किती मिळेल, आणि दर व्होल्टला किती वेढे आहेत यावर ठरतं की ट्रान्सफॉर्मर टिकेल की नाही. शाळेच्या पुस्तकात पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. हौशी लोकांचे बहुतेक ट्रान्सफॉर्मर या दुसऱ्या गोष्टीपायी जळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्या गणिताचं मूळ

एका वेढ्याला किती व्होल्ट पेलवतील, हे तीन गोष्टींवर ठरतं: गुंडाळ्या ज्यावर बसतात त्या कोअरच्या मधल्या दांड्याचा छेद किती मोठा, लोखंडात चुंबकत्व किती दाट भरायचं, आणि मेन्स सेकंदाला किती आवर्तनं करतो. त्याचं सूत्र असं:

व्होल्ट = ४.४४ × आवर्तनं × वेढे × चुंबकत्वाची घनता (टेस्ला) × छेदाचं क्षेत्रफळ (चौरस मीटर)

हा ४.४४ काही जादूचा आकडा नव्हे. २ पाय भागिले वर्गमूळ २ केलं की तो मिळतो. मेन्सचं व्होल्टेज साइन लहरीसारखं चढतं-उतरतं आणि मीटर त्याचं शिखर न दाखवता परिणामी मूल्य दाखवतो, म्हणून तो सूत्रात येतो.

आपल्याकडे आवर्तनं ५० ठरलेली आहेत. घनता १ टेस्ला धरू आणि क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये घेऊ. मग सूत्र एवढंसं उरतं:

एका व्होल्टला वेढे = ४५ ÷ कोअरचं क्षेत्रफळ (चौ. सेंमी)

मापं इंचांत घेतली तर ४५ च्या जागी ७ येतो. जुन्या कारागिरांच्या तोंडी असलेला ‘सात भागिले एरिया’ हा हिशेब तो हाच. घनता १.२ टेस्ला धरली तर ४५ च्या जागी ३७.५ घ्यायचे. वेढे कमी होतात, तांबं वाचतं, पण कोअर जास्त तापतो आणि गुणगुणही वाढते. सुट्या बाजारातून घेतलेली पत्री कोणत्या प्रतीची आहे हे बहुधा कळत नाही. शिवाय भारतात मेन्स २३० व्होल्टच्या १० टक्के वर, म्हणजे २५३ पर्यंत जाऊ शकतो, तेव्हा घनताही १० टक्क्यांनी वाढते. म्हणून पहिल्या ट्रान्सफॉर्मरला मी १ टेस्लाच धरायला सांगेन.

परदेशी नातेवाईक असलेल्या घरांना या सूत्रातून आणखी एक गोष्ट समजेल. अमेरिकेत मेन्स १२० व्होल्ट आणि सेकंदाला ६० आवर्तनं. तिकडून आणलेल्या जुन्या अँप्लिफायरसाठी आपण २३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर विकत घेतो आणि निश्चिंत होतो. व्होल्टेज जुळलं, पण आवर्तनं ५० च राहिली. तेवढेच व्होल्ट उभे करायला अँप्लिफायरच्या आतल्या कोअरमध्ये २० टक्के जास्त चुंबकत्व लागतं. अमेरिकी कारखान्याने हात आखडून वेढे दिले असतील तर ते यंत्र इथे तापतं आणि घुमतं. मागच्या पट्टीवर ५०/६० असं छापलेलं आहे का, हे आधी पाहावं.

कोअर केवढा?

ट्रान्सफॉर्मरची ताकद व्होल्ट-अँपिअरमध्ये मोजतात. आपल्याला १२ व्होल्टला २ अँपिअर हवेत, म्हणजे २४. एवढ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मेन्सकडून २८.२ घ्यावे लागतील. कोअरसाठी आपल्याकडे रुळलेलं सूत्र असं:

क्षेत्रफळ (चौ. सेंमी) = १.१५२ × वर्गमूळ (व्होल्ट-अँपिअर)

२८.२ चं वर्गमूळ ५.३१ आणि उत्तर ६.१ चौरस सेंटिमीटर.

इथे वर्गमूळ कुठून आलं? कोअर मोठा झाला की दर वेढ्याला जास्त व्होल्ट पेलवतात, आणि त्याच प्रमाणात खिडकीही, म्हणजे कोअरमधली तार मावायची मोकळी जागाही, मोठी होते, म्हणजे जास्त तांबं मावून जास्त अँपिअर मिळतात. दोन्ही बाजूंनी फायदा. क्षेत्रफळ दुप्पट केलं तर ताकद चौपट होते. उलट्या दिशेने पाहिलं की वर्गमूळ दिसतं.

पण हे तेव्हाच खरं, जेव्हा पत्रीचा आकार ठरावीक असतो. आणि तो असतो, कारण त्यामागे फार सुंदर काटकसर आहे. कोअर ‘ई’ आणि ‘आय’ या इंग्रजी अक्षरांच्या आकाराच्या पत्र्यांचा बनतो. ई च्या मधल्या दांड्याची रुंदी एक धरली तर बाजूचे दांडे अर्धे, खिडकीची रुंदी अर्धी आणि लांबी दीड. दोन ई तोंडाला तोंड लावून एकाच पत्र्यातून कापले की त्यांच्या जोडखिडक्यांतून जे दोन तुकडे निघतात ते बरोबर दोन आय. पत्र्याचा एक कणही वाया जात नाही. जगभरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा चेहरा या बचतीतून ठरला आहे.

आपण मधला दांडा १ इंच, म्हणजे २.५४ सेंटिमीटरचा घेऊ आणि पत्र्यांची थप्पी २.८ सेंटिमीटर उंच रचू. गुणाकार ७.१. पण पत्र्यांवर इन्सुलेशनचा थर असतो, मध्ये फटी राहतात, त्यामुळे खरं लोखंड त्याच्या ९० टक्के धरायचं: ६.४. आपल्याला ६.१ हवे होते, म्हणजे काम झालं. सलग लोखंडाचा ठोकळा मात्र कधी वापरू नये. बदलतं चुंबकत्व त्या ठोकळ्यालाही एक जाड वेढाच समजतं आणि त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरवून तो तापवतं. पातळ, एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या पत्र्या हे प्रवाह तोडतात.

वेढे, तार आणि राहिलेला एक व्होल्ट

४५ भागिले ६.४ म्हणजे एका व्होल्टला ७ वेढे. प्रायमरी २३० गुणिले ७, म्हणजे १६१० वेढे. सेकंडरी १२ गुणिले ७, म्हणजे ८४. पण ८४ वर थांबायचं नाही. त्याचं कारण तारेत आहे.

तारेच्या दर चौरस मिलिमीटर छेदाला २.५ अँपिअर हा सुरक्षित हिशेब. प्रायमरीत २८.२ भागिले २३०, म्हणजे ०.१२३ अँपिअर. त्याला ०.२५ मिलिमीटर व्यासाची तार लागते, दुकानात ३३ गेज मागायची. सेकंडरीत २ अँपिअर, व्यास १ मिलिमीटर, गेज १९. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे नव्याने शिकणाऱ्याने नीट लक्षात ठेवावं. प्रायमरीला सव्वादोनशे मीटरच्या आसपास तार लागेल आणि सेकंडरीला पंधरा मीटर. वजन मात्र दोन्हींचं जवळजवळ सारखं, शंभर-सव्वाशे ग्रॅम. हे असंच असायला हवं, कारण दोन्हींकडून सारखीच शक्ती जाते.

आता रोध पाहू. प्रायमरीचे ७५ ओहम, त्यातून ०.१२३ अँपिअर: ९ व्होल्ट तिथेच खर्ची पडले. सेकंडरीच्या बाजूने पाहता ते अर्धा व्होल्ट. सेकंडरीचा रोध ०.३२ ओहम, त्यातून २ अँपिअर, म्हणजे आणखी ०.६ व्होल्ट. एकूण १.१ व्होल्ट गळती. ती भरून काढायला ८ वेढे वाढवायचे, एकूण ९२. अनेक पुस्तकं सरसकट ५ टक्के वाढवायला सांगतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला ते पुरतं, एवढ्या लहानाला पुरत नाही.

नवा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मीटरला १३ च्या वर दाखवतो, याचंही कारण हेच. भार नसताना ९२ वेढे १३.१ व्होल्टच देणार. भार आला की ते १२ वर उतरतात.

शेवटची तपासणी खिडकीची. १ इंची पत्रीची खिडकी १२.७ गुणिले ३८.१, म्हणजे ४८४ चौरस मिलिमीटर. त्यातलं उघडं तांबं: प्रायमरीचं ८२, सेकंडरीचं ७५, दोन्ही मिळून १५७. खिडकीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. हाताने गुंडाळताना बॉबिनच्या भिंती, कागद, इनॅमल आणि वेढ्यांमधल्या फटी बाकीची जागा खातात. हा आकडा ३५-४० टक्क्यांच्या वर गेला तर पत्र्या बसता बसत नाहीत आणि ठोकून बसवताना इनॅमल खरवडतं. तेव्हा थप्पी वाढवावी किंवा वरच्या मापाची पत्री घ्यावी.

चौकट: १२ व्होल्ट, २ अँपिअर, एका नजरेत
मेन्सकडून लागणारी ताकद: २८.२ व्होल्ट-अँपिअर
कोअर: १ इंची दांडा, २.८ सेंमी थप्पी, खरं क्षेत्रफळ ६.४ चौ. सेंमी
एका व्होल्टला ७ वेढे
प्रायमरी: १६१० वेढे, ३३ गेज
सेकंडरी: ९२ वेढे, १९ गेज
खिडकीत तांबं: सुमारे ३२ टक्के

डीसी करताना

ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर लावला की कपॅसिटर लहरीच्या शिखरापर्यंत भरतो. १३.१ गुणिले १.४१४, वजा दोन डायोडचे १.४, म्हणजे बिनभाराचे १७ व्होल्ट. मेन्स २५३ ला असेल तर १९. म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर इथे चालत नाही, २५ चा लागतो. आणि २ अँपिअरच्या सेकंडरीतून डीसी साधारण १.२ अँपिअरच घ्यावी. कपॅसिटर शिखराच्या वेळी झटक्याझटक्याने प्रवाह ओढतो आणि त्या झटक्यांनी तार जास्त तापते.

स्टॅबिलायझरचा कोअर लहान का?

उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात फ्रिज आणि एसीशेजारी दिसणारा स्टॅबिलायझर हे याच गणिताचं वेगळं रूप. १ किलोव्होल्ट-अँपिअरच्या स्टॅबिलायझरचा कोअर आपल्या सूत्राने ३६ चौरस सेंटिमीटरचा हवा. उघडून पाहाल तर तो निम्म्याच्या आसपास असतो. त्यात ऑटोट्रान्सफॉर्मर असतो: एकच गुंडाळी आणि तिला मधून काढलेले टॅप. मेन्स १८० व्होल्टवर उतरला तर त्याला फक्त वरचे ५० व्होल्ट जोडायचे असतात, बाकीचे १८० सरळ पुढे जातात. कोअरमधून जाते ती शक्ती २३० तले ५० एवढीच, म्हणजे २२ टक्के, आणि तिला १७ चौरस सेंटिमीटर पुरतात. मात्र दोन बाजू एकाच तारेच्या असल्याने इथे मेन्सपासून संरक्षण अजिबात नसतं. प्रयोगाच्या टेबलावर ऑटोट्रान्सफॉर्मर वापरू नये.

हातात आलेला अनोळखी ट्रान्सफॉर्मर

जुन्या ट्रान्सफॉर्मरचे वेढे मोजायला तो सोडवावा लागत नाही. प्लग काढून, कोअर आणि गुंडाळी यांच्या फटीतून साध्या इन्सुलेटेड तारेचे १० वेढे घ्या, टोकांना मल्टिमीटर लावा आणि मग मेन्स द्या. १.४३ व्होल्ट दिसले तर एका व्होल्टला ७ वेढे. बाकी सगळ्या गुंडाळ्यांचे वेढे आता नुसत्या गुणाकाराने मिळतात.

नवा ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा मेन्सला जोडताना प्रायमरीच्या ओळीत ६० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब घाला आणि सेकंडरी मोकळी ठेवा. बल्ब विझलेला राहिला किंवा जेमतेम लालसर झाला तर ठीक. तो लख्ख पेटला तर कुठेतरी दोन शेजारचे वेढे एकमेकांना टेकले आहेत, किंवा वेढे कमी पडले आहेत. असा ट्रान्सफॉर्मर बल्बाशिवाय जोडूच नये. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

प्रायमरीच्या दर थरावर कागद द्या. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तर जाड इन्सुलेशनचे किमान दोन-तीन वळसे काठापर्यंत नीट बसवा. मेन्सचे २३० व्होल्ट आणि तुमचा हात यांच्यामध्ये तेवढाच अडसर असतो. कोअरला अर्थिंग जोडा, प्रायमरीत २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घाला, आणि पहिला तासभर ट्रान्सफॉर्मर चालू ठेवून त्याच्यापासून दूर जाऊ नका.